विश्लेषण : बोटीचा पंखा बिघडला, दुरुस्त करायचा की नवा आणायचा? अर्देशीर कर्सेटजींनी मुंबईत दिलेले उत्तर

ताडोबाचे प्रवेशद्वार असलेल्या मोहर्लीला इरई धरणाचे पाणी लागून आहे. समजा, या पाण्यावर एक मोटरबोट निघाली आणि पाण्याखाली राहिलेल्या जुन्या झाडाच्या खुंटावर तिचा पंखा आदळला. इंजिन बंद पडलेले नाही. उलट ते नेहमीपेक्षा जोरात घरघरते आहे, पण बोट पुढे सरकत नाही. पाती शाबूत दिसतात. बिघाड आत, पंख्याच्या मध्यभागी, हबमध्ये आहे.

आता पुढे काय? भाग बाहेरून मागवायचा आणि तोवर बोट किनाऱ्याला लावून ठेवायची, की जवळच्या कारखान्यात दुरुस्त करून घ्यायचा? समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यात हा प्रश्न जास्तच अवघड होतो. सुमारे १९० वर्षांपूर्वी मुंबई बंदरात आगबोटी आल्या तेव्हा हाच प्रश्न मोठ्या रूपात उभा होता. त्याला आयुष्यभर उत्तर देत राहिलेले एक नाव म्हणजे अर्देशीर कर्सेटजी वाडिया.

हब म्हणजे नेमके काय?

बैलगाडीच्या चाकाला मध्ये जसा तुंबा असतो, तसा बोटीच्या पंख्याला हब असतो. चाकाचे आरे तुंब्यात बसतात, तशी पंख्याची पाती हबला जोडलेली असतात. इंजिनाकडून येणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, हबच्या भोकात बसतो. इंजिनाची ताकद शाफ्टमधून हबला, हबमधून पात्यांना आणि पात्यांमधून पाण्याला मिळते. त्यामुळे हबची पकड सुटली की इंजिन कितीही चांगले असले तरी उपयोग नाही.

पंखा येण्यापूर्वीच्या आगबोटींना दोन्ही बाजूंना मोठी चाके असत. त्या चाकांचे लोखंडी आरेही मधल्या तुंब्यातच बसवलेले असत. म्हणजे बोटीची रचना बदलली, तरी मधला तुंबा आणि त्याची पकड ही अडचण कायम राहिली.

अर्देशीर कर्सेटजी कोण होते?

त्यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ रोजी मुंबईत झाला. घराणे जहाजबांधणीत नावाजलेले. त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि तेव्हापासून ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीत वाडियांच्या पिढ्यान्‌पिढ्या राबल्या. सागवानाची त्यांची जहाजे मजबुतीसाठी जगभर प्रसिद्ध होती. १८१७ मध्ये मुंबईत बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जपून ठेवलेले आहे.

अर्देशीर १८२२ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी गोदीत कामाला लागले. घरातली रीत अशीच होती. मुलाने करवत, रंधा, दोरी हाती घ्यायची, वडीलधाऱ्यांच्या हाताखाली शिकायचे आणि पुढे मुख्य बांधणारा व्हायचे. अर्देशीर यांचा जीव मात्र लाकडापेक्षा यंत्रात अधिक रमला.

वाफेची ओढ कशी लागली?

काळ बदलत होता. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मार्च १८३० मध्ये मुंबईहून सुएझकडे निघाली आणि वाफेच्या बळावर तांबडा समुद्र गाठता येतो हे तिने दाखवून दिले. मात्र या बोटीत एक मोठी उणीव होती. तिचा लाकडी सांगाडा मुंबईचा होता, पण इंजिन इंग्लंडहून आलेले होते. सांगाड्यातली फळी सडली तर गोदीतला सुतार ती दुसऱ्या दिवशी बदलू शकत होता. इंजिनाचा भाग तुटला तर काय?

सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्याआधी जड सामान घेऊन येणाऱ्या शिडाच्या जहाजाला आफ्रिकेला वळसा घालून इंग्लंडहून मुंबईला यायला कित्येक महिने लागत. तुटलेल्या भागाचे माप तिकडे पाठवायचे, भाग बनवून घ्यायचा आणि तो परत आणायचा, यात जवळपास वर्ष जाऊ शकत होते. आलेला भाग नीट बसला नाही, तर पुन्हा तोच फेरा.

लाकडाच्या बाबतीत स्वयंपूर्ण असलेली मुंबई लोखंडाच्या बाबतीत परावलंबी झाली होती. वाडिया घराण्यासाठी तर हा अस्तित्वाचा प्रश्न होता. उद्याची जहाजे यंत्रावर चालणार असतील आणि यंत्र आपल्याला कळत नसेल, तर गोदीत आपले काम काय उरेल? अर्देशीर यांनी हे लवकर ओळखले.

‘इंडस’ने काय साधले?

१८३३ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, अर्देशीर यांनी ‘इंडस’ नावाचे ६० टनांचे लहान समुद्री जहाज बांधून पाण्यात सोडले. त्यासाठी त्यांनी इंग्लंडहून १० अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन मागवले. जहाज मोठे नव्हते. महत्त्वाचे होते ते इंजिन जहाजात बसवण्याचे काम.

इंजिन जहाजात बसवायचे म्हणजे त्याला पायावर ठेवून बोल्ट आवळणे एवढेच नसते. शाफ्ट सरळ रेषेत यावा लागतो. केसभर तिरका राहिला तरी बेअरिंग तापते, दांडा थरथरतो आणि शेवटी सांधा किंवा तुंबा तडकतो. ही जुळणी करणाऱ्याला कोणत्या भागावर किती ताण येतो ते हाताला कळते. दुरुस्तीचे शिक्षण इथूनच सुरू होते.

पुढच्याच वर्षी, १८३४ मध्ये, त्यांनी माझगाव येथील आपला बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळून टाकली. मुंबईच्या गव्हर्नरांनी येऊन ती रोषणाई पाहिली. शहरात गॅसचे दिवे लागायला अजून बरीच वर्षे होती. पुढे शिवणयंत्र, छायाचित्रण आणि विजेच्या साहाय्याने धातूचा मुलामा देण्याची पद्धत मुंबईत आणण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. नवे यंत्र दिसले की ते घरी आणून, चालवून, समजून घ्यायचे हा त्यांचा स्वभाव होता.

इंग्लंडला जाण्याची गरज का पडली?

१८३९ मध्ये ते इंग्लंडला निघाले. मार्ग तांबडा समुद्र आणि इजिप्तमधून जाणारा, म्हणजे त्या काळी खुष्कीचा म्हणून ओळखला जाणारा. या प्रवासाची त्यांची रोजनिशी १८४० मध्ये लंडनमध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांच्याच घराण्यातले जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोन तरुणही त्या सुमारास जहाजबांधणी शिकण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. एकाच घरातून तिघे एकाच वेळी शिकायला बाहेर पडावेत, यावरून वाडियांना बदलाची किती जाणीव होती ते दिसते.

बोटीच्या पंख्याच्या दृष्टीने तो काळ मोक्याचा होता. १८३६ मध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ आणि जॉन एरिक्सन या दोघांनी स्वतंत्रपणे पाण्याखालच्या फिरत्या पंख्याची पेटंटे घेतली होती. १८३९ मध्ये स्मिथ यांच्या पंख्यावर चालणाऱ्या ‘आर्किमिडीज’ या जहाजाच्या चाचण्या इंग्लंडच्या पाण्यात सुरू होत्या. चाक जाऊन पंखा येण्याची ती सुरुवात होती.

जंगलाचा आणि पंख्याचा काय संबंध?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांना आवडेल असा एक धागा येथे आहे. स्मिथ आणि एरिक्सन यांच्या आधी पंख्याचे पेटंट घेणाऱ्यांत एक वनाधिकारी होता. त्याचे नाव योझेफ रेसेल. तो ऑस्ट्रियाच्या वनखात्यात नोकरीला होता आणि आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाची जंगले सांभाळत होता. १८२७ मध्ये त्याने पंख्याचे पेटंट घेतले. १८२९ मध्ये त्रिएस्तच्या बंदरात ‘चिवेत्ता’ नावाच्या बोटीला पंखा बसवून चाचणी घेतली.

बोट चालली. पण थोडे अंतर कापल्यावर वाफेची नळी सांध्यात फुटली. पंख्यात दोष नव्हता. तरीही पोलिसांनी पुढच्या चाचण्यांवर बंदी घातली आणि रेसेलचे काम थांबले. एक सांधा सुटल्याने चांगली कल्पना वर्षानुवर्षे मागे पडली.

पंखा रुळल्यावरही मोडतोड संपली नाही. ब्रुनेल या नामवंत अभियंत्याच्या ‘ग्रेट ब्रिटन’ या लोखंडी जहाजाला सहा पात्यांचा पंखा होता. १८४५ मध्ये अटलांटिक पार करताना त्याची पाती तुटली आणि पुढे चार पात्यांचा ओतीव पंखा बसवावा लागला. तेथे हे शक्य झाले, कारण ओतशाळा आणि कारागीर हाताशी होते.

मुंबईतील नेमणुकीवर गदारोळ का झाला?

अर्देशीर इंग्लंडहून परतले ते मोठी जबाबदारी घेऊनच. कंपनीच्या लंडनमधील संचालकांनी त्यांना मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचे मुख्य अभियंता आणि यंत्रांचे निरीक्षक नेमले. एप्रिल १८४१ मध्ये त्यांनी पदभार घेतला. आगबोटींची इंजिने, बॉयलर आणि इतर भाग यांची देखभाल व दुरुस्ती हे या कारखान्याचे काम. त्यांच्या हाताखाली एक युरोपीय मुख्य सहायक, चार युरोपीय फोरमन, सुमारे १०० युरोपीय अभियंते व बॉयलर कारागीर आणि सुमारे २०० भारतीय कारागीर होते.

त्या काळात गोऱ्या कामगारांवर भारतीय साहेब ही कल्पनाच अनेकांना पचणारी नव्हती. मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रातून नेमणुकीवर टीका झाली. माणूस हुशार असेल, पण एवढ्या मोठ्या कारखान्याचा कारभार एखाद्या एतद्देशीयाला झेपेल का, असा त्या टीकेचा रोख होता.

योगायोग पाहा. त्याच वर्षी, २७ मे १८४१ रोजी, लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यानंतर दुसऱ्या भारतीयाला, म्हणजे गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांना, हा मान मिळाला तो १९१८ मध्ये. मधे तब्बल ७७ वर्षे गेली. लंडनमध्ये ज्यांची योग्यता मान्य झाली होती, त्यांच्यावर त्यांच्याच शहरात शंका घेतली जात होती.

अर्देशीर यांनी हे पद १८५७ पर्यंत सांभाळले. कारखान्यातली आणीबाणी वर्तमानपत्राच्या मतावर सुटत नाही. बोट धक्क्याला लागलेली असते, टपाल आणि प्रवासी खोळंबलेले असतात आणि तुटलेला भाग समोर पडलेला असतो. तो दुरुस्त होईल की नवा ओतावा लागेल, हे तिथल्या तिथे ठरवावे लागते. १६ वर्षे हे काम एका भारतीयाच्या हाती राहिले, हेच टीकेला उत्तर होते.

सगळे भाग मुंबईतच बनले ते कसे?

१८४९ मध्ये अर्देशीर अमेरिकेलाही जाऊन आले आणि तेथून लाकूड कापण्याची यंत्रे मुंबईसाठी घेतली. त्यानंतर १८५१ मध्ये त्यांनी ८० टनांची एक आगबोट पाण्यात सोडली. नाव ठेवले ‘लवजी फॅमिली’, म्हणजे मूळ पुरुषाचे आणि घराण्याचे. या बोटीचे सगळे भाग त्यांच्या राहत्या जागेच्या आवारातील ओतशाळेत तयार झाले होते.

१८३३ आणि १८५१ ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहिली की त्यांच्या आयुष्याचा अर्थ कळतो. ‘इंडस’चे इंजिन इंग्लंडहून आले होते. ‘लवजी फॅमिली’चे भाग मात्र त्यांच्या स्वतःच्या ओतशाळेत बनले. मधल्या १८ वर्षांत त्यांनी तेवढी मजल मारली होती.

ओतीव भाग घरी बनवणे म्हणजे काय, हे एका तुंब्याच्या उदाहरणावरून पाहू. आधी सुतार लाकडाचा हुबेहूब नमुना करतो. धातू थंड होताना आकसतो, म्हणून नमुना किंचित मोठा ठेवावा लागतो. तो वाळूत दाबून साचा घेतात आणि साच्यात वितळलेला धातू ओततात. थंड झालेला तुंबा लेथवर चढवून मधले भोक शाफ्टच्या मापाचे करतात. मग शाफ्ट आणि तुंबा एकमेकांत घसरू नयेत म्हणून दोन्हींत खाच पाडून त्यात लोखंडी चावी ठोकतात. ही साखळी कुठेही तुटली, तर भाग कामाचा राहत नाही.

वाडियांकडे सुतारकाम पिढीजात होते. नमुना बनवणारे हात तयारच होते. अर्देशीर यांनी त्यांना ओतशाळा आणि लेथ यांची जोड दिली. जुनी विद्या टाकून न देता ती नव्या कामाला लावली, हे त्यांच्या यशाचे साधे कारण.

अखेरची वर्षे कशी गेली?

१ ऑगस्ट १८५७ रोजी ते निवृत्त झाले आणि पुढे इंग्लंडला गेले. १८६१ मध्ये पुन्हा बोलावणे आले. सिंधू नदीवर आगबोटी चालवणाऱ्या इंडस फ्लोटिला कंपनीच्या कोटरी येथील कारखान्यांची देखरेख त्यांच्याकडे सोपवण्यात आली. सिंधू ही गाळ वाहून आणणारी, पात्र बदलणारी नदी. अशा पाण्यात बोटीचा तळ आणि यंत्र दोन्ही झिजतात. १८६३ मध्ये ते या कामातूनही निवृत्त झाले. लंडनजवळच्या रिचमंड येथे १६ नोव्हेंबर १८७७ रोजी त्यांचे निधन झाले.

भारतीय टपाल खात्याने १९६९ मध्ये त्यांच्यावर तिकीट काढले. तरीही पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव फारसे येत नाही. शोध लावणाऱ्यांची नावे लक्षात राहतात, आलेले यंत्र चालू ठेवणाऱ्यांची राहत नाहीत.

मग मोहर्लीच्या बोटीचे काय?

आजच्या लहान मोटरबोटीचा हब अर्देशीर यांच्या काळातल्या तुंब्यापेक्षा वेगळा असतो. त्यात शाफ्ट आणि पंखा यांच्यामध्ये रबराचा किंवा प्लॅस्टिकचा बुश असतो. पाती खुंटावर आदळली की हा बुश धक्का सोसतो, घसरतो किंवा फाटतो. त्यामुळे महागडा गिअर आणि शाफ्ट वाचतो. काही लहान इंजिनांत याच कामासाठी एक मऊ पिन असते, ती मोडते. म्हणजे बुश गेला हा नेहमी दोष नसतो. बऱ्याचदा त्याने आपले काम केलेले असते.

बुश घसरतो आहे की नाही हे ओळखायची सोपी रीत आहे. इंजिन बंद करून, चुकून सुरू होणार नाही याची खात्री करून, हबच्या आतल्या नळीवर आणि बाहेरच्या भागावर एक सलग रेघ मारायची. थोडी फेरी मारून परत पाहायचे. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले, तर बुश गेला. पाण्यात असताना हे घडले, तर इंजिन अगदी हळू चालवत किनारा गाठावा. जोर दिला की उरलेली पकडही जाते.

दुरुस्त करायचे की बदलायचे, हे तीन गोष्टींवर ठरते.

फक्त बुश गेला असेल आणि धातूचा भाग शाबूत असेल, तर दुरुस्ती पुरते. काही पंख्यांत बुश हाताने काढून नवा घालता येतो. काहींत तो प्रेसवर दाबून काढावा आणि बसवावा लागतो. हातोड्याने ठोकून बसवू नये, हब तिरका होतो.

हबच्या धातूलाच तडा गेला असेल, तर पंखा बदलावा. अॅल्युमिनियमच्या हबवरचा तडा वेल्डिंगने बुजलेला दिसतो, पण फिरत्या ताणाखाली तो पुन्हा उघडण्याचा धोका असतो. मोठ्या मच्छीमार बोटींच्या पितळी किंवा ब्रॉंझच्या पंख्यांची पाती जाणकार कारागीर सरळ करतात, भरतात. तिथेही हबला आरपार तडा असेल तर जोखीम घेऊ नये.

शाफ्ट वाकला असेल किंवा त्याचे दाते झिजले असतील, तर नवा हब बसवून उपयोग नाही. तोही लवकरच जाईल. म्हणून पंखा काढला की शाफ्ट हाताने फिरवून तो डोलतो का हे पाहावे, तेलाच्या सीलजवळ जाळ्याचा धागा गुंडाळला आहे का तपासावे, दात्यांना ग्रीस लावावे आणि नट आवळून त्याची पिन घालायला विसरू नये.

समुद्र दूर असला तरी चंद्रपूर जिल्ह्याला यंत्रे परकी नाहीत. कोळसा खाणी, औष्णिक वीज केंद्र आणि बल्लारपूरची कागद गिरणी यांच्यामुळे लेथ, प्रेस आणि वेल्डिंगचे जाणकार हात येथे आहेत. जलाशयावर बोट चालवणाऱ्यांनी अशा एखाद्या कारखान्याशी आधीच बोलून ठेवले, पंख्याचे माप लिहून ठेवले आणि एक बुश व एक पिन बोटीत जवळ बाळगली, तर खुंटाच्या एका धक्क्याने बोट आठवडाभर अडकून पडणार नाही.

अर्देशीर यांनी मुंबईत हेच मोठ्या प्रमाणावर केले. भाग बाहेरून येईपर्यंत थांबायचे नाही, तो जिथे तुटला तिथेच समजून घ्यायचा, शक्य असेल तर दुरुस्त करायचा आणि शक्य नसेल तर तो बनवण्याची तयारी आधीच ठेवायची.